कौल देवीचा नव्हता

आमच्या भागात नाटक बसवणाऱ्या माणसाला ‘मास्तर’ म्हणतात. मी जन्मात कधी फळ्यावर खडू चालवला नाही, पण बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात कितीतरी गावांत मला मास्तर म्हणूनच ओळखतात. पिरनवाडीच्या स्टॉपवर उतरून ‘नाटकाच्या मास्तरांचं घर’ असं विचारलंत तर रिक्षावाला तुम्हाला थेट दारात आणून सोडेल. ही फुशारकी आहे, कबूल. पुढं जे सांगायचंय त्यात फुशारकीला जागाच नाही, म्हणून ती आधीच मारून घेतली.

बाहेरच्या वाचकांना आमचा धंदा जरा समजावून सांगतो. गावाची यात्रा आली की नाटक पाहिजेच. तमाशा एखाद्या वर्षी चुकेल, कुस्त्या चुकतील, नाटक नाही. यात्रेच्या दोन-अडीच महिने आधी कमिटीची चार माणसं मोटरसायकलवरून येतात, चहा पितात आणि म्हणतात, “मास्तर, यंदा लोकं रडली पायजेत.” मग मी नाटक निवडायचं, नारळ फोडायचा आणि शाळेच्या खोलीत तालीम सुरू करायची. पार्ट करणारी पोरं गावातलीच. कुणी उद्यमबागेत लेथवर, कुणी दूध डेअरीत, कुणी ट्रॅक्टरवर. संकेश्वरकडचं गाव असलं आणि उसाचा हंगाम चालू असला की सातची तालीम नऊला. नायकच उगवलेला नसतो. का रं, म्हटलं की, “ट्रॉली भरायची ऱ्हायलती, मास्तर!” बायकांचे पार्ट करायला कोल्हापूर-सांगलीकडच्या कलावंत बाया येतात, त्याही आदल्या दिवशी. त्यांना माझ्यापेक्षा जास्त नाटकं पाठ. शिवाय लाऊडस्पीकरच्या परवानगीचा कन्नडमधला अर्जही मीच लिहायचा, दाढ्यामिशा मीच चिकटवायच्या, आणि नाटकाच्या वेळी विंगेत पुस्तक घेऊन बसायचं, विसरलेलं वाक्य नटाच्या कानापर्यंत पोचवायचं, तेही मीच.

लोकांना रडवायचं म्हणजे शेवटी कुणीतरी मरायला पाहिजे आणि मागं उरलेल्यानं नशिबाला बोल लावायला पाहिजे. ही दोन कामं झाली की बाया पदर डोळ्याला लावतात आणि कमिटी माझ्या गळ्यात हार घालते. ‘सटवीनं लिहिलेलं कुणाला पुसता आलंय’, ‘कर्ता करविता तो, आपण निमित्त’, असली वाक्यं मी इतकी लिहिलीत की झोपेतसुद्धा सांगेन. मला स्वतःला ती खरी वाटायची. न वाटून काय करतो, त्यांच्यावरच तर चूल पेटत होती.

एकदाच एका पठ्ठ्यानं या धंद्याला सुरुंग लावला. जांबोटीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, तिथला आमचा नायक तुकाराम. तालमीत फक्कड मरायचा. एकदा तर मरताना त्यानं शाळेचं टेबल मोडलं. ऐन नाटकात खलनायकानं सुरा मारला आणि तुकाराम उभाच. विंगेतून मी म्हणतोय, “पड, पड.” ढिम्म. खलनायकानं बिचाऱ्यानं आणखी चार सुरे मारले. शेवटी तुकाराम माझ्याकडं वळून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, “न्हाय पडणार, मास्तर! आईनं शपथ घातलीया. जोशी म्हणालाय, यंदा साडेसाती हाय, स्टेजवर बी मरू नगंस.” मी पडदा टाकला आणि त्याला अशा शिव्या घातल्या की लेडीज आर्टिस्टनं कानावर हात ठेवले. लोक मात्र बेहद्द खूश. पुढं कितीतरी व्यासपीठांवर मी हा किस्सा सांगितला आणि हशा घेतला. जोशाच्या एका वाक्याला घाबरून नाटक मोडणारा खेडूत, असं मी त्याला म्हणायचो. दुसऱ्याला हसणं सोपं असतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. बरीच वर्षं ती मी टाळत आलोय.

निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, हायवेपासून आत एक गाव आहे. त्या गावानं मला ओळीनं चार वर्षं बोलावलं. पाचव्या वर्षी मी त्यांच्यासाठी स्वतःच नाटक लिहिलं. एका किल्लेदाराला जोशी सांगतो, तुझ्या तलवारीनं तुझा धाकटा भाऊ मरणार. किल्लेदाराचा भावावर जीव. भाऊ जगावा म्हणून तो त्याला नदीपलीकडं घालवून देतो आणि हुकूम काढतो की दिवस मावळल्यावर जो कोणी दारावर येईल त्याला जिवंत सोडायचं नाही. पुढं आई आजारी पडते. भावाला राहवत नाही, तो घोंगडी पांघरून तिला बघायला येतो. किल्लेदार त्या वेळी स्वतः दारावर असतो, तो वार करतो, घोंगडी सरकते. मग तीन पानांचं भाषण. मी भाऊ मारला नाही, माझ्या हातून नशिबानं मारून घेतला, वगैरे. ते भाषण लिहिताना मी स्वतःच रडलो होतो. लिहिणाऱ्याला रडू आलं म्हणजे लिहिलेलं चांगलं असतं असं नाही, हे नंतर कळलं.

पहिल्या वाचनाला गावातली पंधरा-वीस पोरं जमली होती. कुणाला कुठला पार्ट शोभतो हे बघायला मी सगळ्यांना थोडं थोडं वाचायला लावतो. त्यात आनंदा होता. तिशीतला, निपाणीत बँकेत क्लार्क, बौद्ध वस्तीत राहणारा. आधीच्या वर्षी त्यानं वकिलाचा लहानसा पार्ट केला होता, तेव्हाच मी त्याच्यावर नजर ठेवली होती. त्यानं किल्लेदाराचं भाषण वाचायला घेतलं आणि खोलीतली चुळबूळ थांबली. तो ओरडला नाही. आमच्याकडं शोक म्हणजे ओरडणं. हा सावकाश, आपल्याच हाताकडं बघत बोलत होता. माझ्या आख्ख्या आयुष्यात माझी वाक्यं कुणी अशी बोललं नव्हतं.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “मास्तर, एक इचारू? ह्यात नशीब कुठं आलं?”

“म्हणजे?”

“जोशानं सांगितलं, भाऊ मरंल. बरं. पण तलवार कुणी उचलली? दारात माणूस आला तर आमची म्हातारी सुदिक ‘कोण हाय रं’ म्हणून इचारती. ह्यानं तेवढं बी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर भाऊ वाचला असता की.”

मला राग आला. तीन पानांच्या भाषणाला त्यानं दोन वाक्यांत आडवं केलं होतं. “तू बँकेत शिक्के मार,” मी म्हणालो. “शोकांतिका कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस.” पोरं हसली. आनंदाही हसला. पण किल्लेदार हाच, हे माझ्या मनात पक्कं झालं होतं.

त्याच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे. या आप्पांनी उभ्या हयातीत गावात नाटकाची हाळी दिली होती. कमरेला हलगी बांधून गल्लीगल्लीत जायचं, ‘ऐका हो ऐका, आज देवीच्या माळावर नाटक हाय’ म्हणून सांगायचं, आणि नाटक मात्र मांडवाच्या कनातीबाहेर उभं राहून बघायचं. तसा नियम केव्हाच उरला नव्हता. पोरं आत बसायची. पण आप्पांचे पाय कनातीच्या आत काही पडायचे नाहीत. मुलगा किल्लेदार होणार अशी कुणकुण लागल्यावर म्हातारा मला शाळेच्या दारात गाठून म्हणाला, “मास्तर, किल्लेदाराची एन्ट्री हलगीवर घ्या. मी वाजवतो. पोरगं पुढं आणि मी मागं. एवढं बघितलं की झालं.” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “घेतली, आप्पा.” माझा शब्द होता तो.

पण त्याच पार्टवर बाळूचाही डोळा होता. बाळू म्हणजे यात्रा कमिटीचे चेअरमन तात्या यांचा पुतण्या. दिसायला रुबाबदार, आवाज फुटक्या भोंग्याचा. एका पार्टला दोघं उभे राहिले की त्या गावात कौल घ्यायची रीत आहे. देवीपुढं ताम्हनात दोन चिठ्ठ्या टाकायच्या, पुजाऱ्यानं डोळे मिटून एक उचलायची. तिच्यात नाव येईल त्याला पार्ट. मग कुणाचं तोंड वाकडं होत नाही, कारण देवीशी कोण भांडणार? चिठ्ठ्या मात्र गावातल्या माणसानं लिहायच्या नाहीत, मास्तरांनी लिहायच्या. मास्तर बाहेरचा, त्याला ना भावकी ना गट. चार वर्षं ते काम मी इमानानं केलं होतं.

कौलाच्या आदल्या दिवशी तालमीत एकजण, फक्त एकच पोरगा, दुसऱ्याला हळूच म्हणाला, “दुसऱ्या अंकात समद्यांनी किल्लेदाराच्या पाया पडायचं हाय न्हवं? आनंदा झाला तर मी न्हाय बाबा पडणार.” ते माझ्या कानावर आलं. मी त्याला तिथंच उभं करून झापायला पाहिजे होतं. टेबल मोडलं म्हणून, उशिरा आला म्हणून पोरांना फोडून काढणारा मी, त्या वेळी पुस्तकात तोंड घालून बसलो. संध्याकाळी तात्यांकडं चहाला गेलो. “उद्या कौल,” मी म्हणालो. तात्या काही बोलले नाहीत, तपकीर ओढत बसले. त्या गप्प बसण्याचा मी माझ्या मनानं अर्थ लावला. चेअरमनच्या पुतण्याला डावलून आनंदाला पार्ट गेला तर गाव फुटेल, पोरं तालीम सोडतील, यात्रेत भांडण होईल, पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत. सगळं नाटक मी डोक्यात लिहून काढलं, शेवटच्या पडद्यापर्यंत.

लोकहो, मी जयंतीच्या व्यासपीठांवर समतेची भाषणं ठोकलेला माणूस आहे. माझी भाषणं लोकांना पाठ होती. ते सगळं घेऊन मी सकाळी देवळाच्या मागं पारावर बसलो, वहीचा कागद फाडला आणि दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर ‘बाळू’. दुसरीवरही ‘बाळू’. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. हात माझा होता आणि पेनही माझं होतं.

देवळात जाताना आनंदा भेटला. म्हणाला, “मास्तर, माझा असल्या कौलावर इस्वास न्हाय, तुमाला म्हाईत हाय. पण आप्पांचा हाय. आणि चिठ्ठ्या तुमी लिवलाय म्हटल्यावर फसवाफसवी तर न्हाय.” मी म्हणालो, “चल, उशीर होतोय.”

पुजाऱ्यानं चिठ्ठी उचलली, वाचली. बाळूच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. उरलेली चिठ्ठी रिवाजानं तीर्थात सोडायची असते, ती मी ‘पायदळी नको यायला’ म्हणून चटकन खिशात टाकली. आप्पा पायरीखाली होते. त्यांनी डोक्याचा पटका काढला, पायरीला कपाळ टेकलं आणि उठून मलाच म्हणाले, “बराबर हाय देवीचं. आमी जरा जास्तच मागितलं.”

परतीच्या वाटेवर मी पानाच्या दुकानात पान घेतलं आणि त्या पानाबरोबर ती चिठ्ठी चावून खाल्ली. कागद लवकर बारीक होत नाही. हायवे येईपर्यंत चघळत होतो.

आनंदाला मी द्वारपालाचा पार्ट दिला. हातात भाला, तोंडी चार वाक्यं. तो नाही म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, खरं तर इच्छाच होती. तो “बरं” म्हणाला आणि एकही तालीम चुकवली नाही. आप्पांनीही शब्द पाळला. नाटकाच्या दिवशी किल्लेदाराची एन्ट्री हलगीवर झाली, फक्त किल्लेदार दुसऱ्याचा पोरगा होता. म्हातारा मन लावून वाजवत होता. माझ्या विंगेतून ते दोन हात दिसत होते आणि मी पुस्तकात बघत होतो.

शेवटचा प्रवेश आला. घोंगडी पांघरून भाऊ दारावर येतो. द्वारपालानं म्हणायचं, “सरकार, कुणीतरी आलंय,” आणि बाजूला व्हायचं. आनंदानं वाक्य म्हटलं, पण तो बाजूला झाला नाही. भाला आडवा धरून किल्लेदार आणि दाराच्या मधे उभा राहिला. म्हणाला, “सरकार, एकदा इचारा तरी. कोण हाय म्हणून. वार काय, नंतर बी करता यील.”

हे पुस्तकात कुठंच नव्हतं. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, “आरं इचार की, बाळ्या! भाऊ हाय त्यो तुजा!” दुसरीकडून आवाज आला, “व्हय, व्हय, इचार!” सगळा मांडव बाळूला सांगायला लागला. बाळू भांबावला. त्याला फक्त पाठ केलेलं येत होतं. तलवार वर धरून त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्या घटकेला नाटक माझ्या हातात होतं. विचार, असं मी म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं. भाऊ वाचला असता, तीन पानांचं भाषण बुडालं असतं, आणि माझ्या मते त्या गावानं तसलं नाटक आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं. मला फक्त माझं भाषण दिसलं. मी दात आवळून म्हणालो, “मार.” तो हलला नाही. मी परत म्हणालो, “मार रं!” त्यानं आनंदाला खांद्यानं ढकललं आणि वार केला. मग तो फुटक्या आवाजात नशिबाच्या नावानं तीन पानं ओरडला. बाया रडल्या. कमिटीनं मला हार घातला.

सकाळी आनंदा मोटरसायकलवरून मला हायवेच्या फाट्यावर सोडायला आला. काल असं का केलंस, हे मी त्याला विचारलं नाही. बसची वाट बघत उभे होतो, तेव्हा त्यानं विचारलं, “मास्तर, खरं सांगा. त्या ताम्हनात माझं नाव हुतं का?”

त्याच्या डोळ्यात राग नव्हता. हो किंवा नाही, एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, “देवीच्या मनात नव्हतं, आनंदा. त्याला तू काय करणार आणि मी काय करणार?” तो गाडी वळवून गेला. त्यानंतर मी त्या गावचं नाटक घेतलं नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

पुढं मी आणखी बरीच वर्षं नाटकं बसवली. मनात कधी हे वर आलंच तर त्यावर माझं औषध ठरलेलं होतं. गावच तसलं होतं. काळच तसला होता. मी पोटासाठी काम करणारा माणूस, माझ्या हातात काय होतं? माझ्या किल्लेदाराचीच वाक्यं मी स्वतःला ऐकवत होतो आणि मला त्यांनी छान झोप लागत होती.

ती झोप गेल्या वर्षी मोडली. बेळगावात एका लग्नात तात्या भेटले. थकलेत, पण तपकीर चालू आहे. जेवताना शेजारी बसले आणि आपणहून म्हणाले, “मास्तर, त्या किल्लेदाराच्या साली आनंदाची चिठ्ठी निघाय पायजे हुती बघा. आमच्या बाळ्यानं लई घाण केली. आनंदा निघाला तर आप्पाला पुढल्या रांगेत खुर्ची टाकायची, असं कमिटीत ठरलं बी हुतं. पण देवीनं कौल दिला न्हाय, काय करणार.”

“तात्या,” मी म्हणालो, “आदल्या दिवशी मी तुमच्याकडं आलतो, तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?”

“मग काय बोलू? नाटकातलं मला काय कळतंय? तुमी मास्तर. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

तात्या आता शहाणपण दाखवत असतील, असंही मनात येऊन गेलं. माणूस म्हातारपणी स्वतःला धुऊन घेतो, मी काय वेगळं करतोय? ते खरं बोलत होते का खोटं, मला कधीच कळणार नाही. पण मी विचारलं नव्हतं, एवढं तर पक्कं होतं. ज्या गावाच्या भीतीनं मी ते पाप केलं, त्या गावाला मी तोंडच उघडू दिलं नव्हतं. भीतीसुद्धा माझी मीच लिहिलेली निघाली. जिलेबी आली, ती न खाता उठलो.

पुढल्या रविवारी सकाळी निपाणीची बस धरली. आनंदाचं घर शोधायला त्रास पडला नाही. केस पांढरे झालेत, बँकेत आता साहेब आहे, मुलगी डॉक्टरकी शिकते. त्यानं मला ओळखलं, आत घेतलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, कारण चहा प्यायल्यावर माझी हिंमत टिकली नसती. दोन चिठ्ठ्या, दोन्हीवर एकच नाव, पानात चावलेला कागद, विंगेतलं ‘मार’. काहीही राखून ठेवलं नाही.

तो म्हणाला, “संशय हुता मला. म्हणून तर फाट्यावर इचारलं. तुमी देवीचं नाव घेतलासा, तवा कळलं, तुमी सांगणार न्हाय.”

“माफ कर, आनंदा.”

“माझं सोडा, मास्तर. मला देवीनं कवाच अडवलं न्हवतं, मी मानतच न्हाय. मला माझ्या बापानं अडवलं. त्या कौलानंतर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठिऊन शपथ घातली. म्हणाले, देवीच्या मनात न्हाय, परत तोंडाला रंग लावायचा न्हाय. हितं निपाणीत नाटकवाली पोरं कितींदा बोलवाय आली. मी गेलो न्हाय. बापाशी भांडून जाता आलं असतं, पण त्यांचं त्यावेळचं तोंड मी बघितलं हुतं.” तो उठला. “आप्पा आत हायत. सांगायचं तर त्यांस्नी सांगा. पण मोठ्यानं बोलाय लागंल. त्यांस्नी आता ऐकू येत न्हाय.”

मला वाटलं होतं, एका माणसापुढं मान खाली घातली की सुटेन. पण आनंदा खोलीचं दार उघडून उभा होता. मी आत गेलो. आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, चिमणीएवढे झालेले. मी जवळ बसून म्हणालो, “आप्पा, मी नाटकाचा मास्तर. त्या वेळी चिठ्ठीचं जरा चुकलं होतं.”

“आँ?”

“चिठ्ठीत आनंदाचं नाव नव्हतं!”

“कुनाचं? मोठ्यानं बोल, बाबा.”

‘जरा’ नाही, ‘चुकलं’ नाही, आडपडद्यातलं कुठलंच वाक्य त्या कानांपर्यंत पोचत नव्हतं. आयुष्यभर विंगेत बसून एका माणसापुरतं बोललेला मी, त्या लहानशा खोलीत घसा फाडून ओरडलो, “दोन्ही चिठ्ठ्यांवर मी बाळूचं नाव लिहिलं होतं, आप्पा! मी! आनंदाचं नाव मी टाकलंच नाही! देवीनं नाही म्हटलं नव्हतं!”

खिडकीबाहेर नळावर पाणी भरणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. आनंदाची बायको चहाचे कप घेऊन दारातच थबकली. मी खाली बघत बसलो.

आप्पांनी ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. “देवीनं... न्हाय म्हटलं न्हवतं?”

“नाही, आप्पा.”

त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकाकडं बघितलं. पांढऱ्या केसांच्या त्या माणसाकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझा हात धरला. शिव्या देतील, हात झटकतील, असं वाटलं. कशालाही माझी तयारी होती.

“मग मास्तर,” ते म्हणाले, “त्यो पार्ट आता कुणाकडं हाय?”

आनंदानं तोंड फिरवलं. मला ऐकू गेलं नसावं असं आप्पांना वाटलं, म्हणून त्यांनी माझा हात हलवून तेच परत, आधीपेक्षा मोठ्यानं विचारलं.